नवं झालेलं संग्रहालय: आत शिरल्यावर आधी काय शोधलंत?

परवा मैत्रिणीचा फोन आला. तिच्या शहरातलं कलासंग्रहालय कैक वर्षं बंद राहून, नव्या इमारतीची भर पडून उघडलं आणि ती पहिल्याच आठवड्यात जाऊन आली. कसं आहे विचारलं, तर म्हणाली, "अगं, माझं ते निळं चित्र कुठे टांगलंय ते शोधण्यातच दुपार गेली." नव्या इमारतीबद्दल चकार शब्द नाही! म्हणून विचारतेय. डागडुजी झालेल्या, वाढवलेल्या संग्रहालयात गेलात तेव्हा आधी काय शोधलंत? सापडलं का? तिकीट, पार्किंगची माहिती नको, ती कुठेही मिळते.

सुरुवात माझ्यापासून; पुढे प्रत्येक चांदणीनंतर आलेलं एकेकाचं उत्तर. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम मी २००२ मध्ये पाहिलं होतं. बोळांतून बोळ, आपण कुठल्या मजल्यावर आहोत तेच कळेना. पुढच्याच वर्षी मुख्य इमारत बंद झाली ती २०१३ च्या एप्रिलमध्ये उघडली. इतकी वर्षं का, तर एक कारण म्हणजे इमारतीच्या पोटातून जाणारा सायकलींचा रस्ता. स्पॅनिश वास्तुविशारदांना प्रवेशद्वार तिथे हवं होतं, सायकलवाले हटले नाहीत. रस्ता राहिला, प्रवेशद्वाराचा आराखडाच बदलावा लागला.

उघडल्यावर आईला घेऊन गेले. मध्ये कधीतरी बांधून काढलेली अंगणं आता मोकळी होती, वरून उजेड येत होता. हजारो वस्तूंच्या जागा बदलल्या, पण रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' तेवढं जुन्या ठिकाणी परत आलंय. मी ते शोधत होते. आई मात्र पाण्याने वेढलेल्या नव्या आशियाई दालनात अडकली, तमिळनाडूतल्या चोलकालीन नटराजापुढे. दीड मीटर उंच, साधारण तीनशे किलोचा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "याला असं उघडं का ठेवलंय गं?" देवळात असता तर वस्त्र नेसवून, हारांत बुडवून मिरवणुकीत निघाला असता, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पुढे बातमी वाचली, की मूर्ती ट्रकसकट रॉटरडॅम बंदरातल्या एक्स-रे यंत्रातून काढली आणि ती प्रभावळीसकट भरीव निघाली. आईला फोन केला. "मग? देव पोकळ कोण करेल?"

*

आम्ही परळचे. राणीच्या बागेत जायचं ते हत्ती बघायला, आणि ऊन फार झालं की शेजारच्या म्युझियममध्ये शिरायचं. आतला अंधार आणि गार फरशी एवढंच आठवतं. हो, आणि मातीच्या बाहुल्या: मुंबईतल्या नाना जातीजमातींच्या, पगड्या-पागोट्यांसकट. ते म्हणजे आताचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ चं. महापालिका, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून २००३ मध्ये काम हाती घेतलं, २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं. मधेच २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

लेकीला घेऊन गेलो. (एकदा बुधवारी जाऊन परत आलो होतो, बुधवारी बंद असतं.) आत पाऊल टाकलं आणि मीच चुकल्यासारखा झालो. फिकट हिरव्या भिंती, खांबांवर सोनेरी काम. हे सगळं तेव्हाही इथेच होतं? बाहुल्या मात्र सापडल्या. लेकीने विचारलं, "बाबा, यातले आपण कुठले?" काचेला नाक लावून दोघांनी शोधलं. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे, तो इंग्लंडला न्यायच्या खटपटीत फुटला आणि पुढे तुकडे जोडून उभा केला. लहानपणी त्याच्याकडे कधी लक्षच गेलं नाही, कारण तो खात नव्हता.

*

लंडन, टेट मॉडर्न. मुळात जुनं वीजकेंद्र. त्याला जोडलेला नवा दहा मजली भाग २०१६ मध्ये उघडला, त्याच वर्षी गेलो. मला बघायच्या होत्या तळघरातल्या तेलाच्या टाक्या, त्यांचीच दालनं केली आहेत. आमची मंडळी लिफ्टने थेट वरच्या गच्चीवर. समोर काचेच्या भिंतींचे फ्लॅट, झाडून सगळे त्यांच्या ओट्यावर काय आहे ते बघतायत! रहिवासी कोर्टात गेले आणि २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्यांची बाजू मान्य केली. बरोबरच आहे. आमच्याच एका काकूंनी तिथला पडदा पसंत केला होता.

*

नाव घेत नाही, पण मी गेले त्या संग्रहालयाचं नवं रूप मला आवडलं नाही. चित्राशेजारच्या पाट्या गेल्या, त्या जागी चौकोनी कोड. पप्पांच्या मोबाइलची बॅटरी संपलेली. त्यातून त्यांच्या आवडत्या चित्रासमोरचा लाकडी बाक गायब, कारण म्हणे दालन 'मोकळं' दिसावं. गुडघ्यांचं काय? पप्पा भिंतीला टेकले तसा पहारेकरी आला. आता ओरडणार असं वाटलं, तर त्याने स्वतःचं स्टूल आणून ठेवलं. "बाक इथेच होता, मलाही सवय होती." पप्पा बसले, तो शेजारी उभा राहिला आणि पाटीवर पूर्वी काय लिहिलेलं असायचं ते त्याने तोंडपाठ सांगितलं.

*

प्रदर्शनांच्या प्रकाशयोजनेचं काम करतो, म्हणून दोन गोष्टी. आवडतं चित्र सापडलं नाही तर ते हरवलं असं समजू नका. जलरंग, जुनी छायाचित्रं, कापड यांना साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड देत नाहीत, आणि काही महिन्यांनी अंधारात विश्रांतीला पाठवतात. तैलचित्रं त्या मानाने सोशिक, त्यांना २०० लक्स चालतात. "दालन काळोखं आहे" ही तक्रार आम्ही रोज ऐकतो.

दुसरं, इमारत बांधून झाली तरी उघडत का नाहीत? नवा रंग, ओलं काँक्रीट, प्लायवुड यांतून वस्तूंना अपायकारक वाफा निघत राहतात. चांदी काळी पडते, शिशाला पांढरी बुरशी आल्यासारखं होतं. म्हणून रिकाम्या खोल्या महिनोन्‌महिने वारा खात ठेवायच्या. तो काळ कंत्राटदाराला पटवणं हे खरं काम.

*

चित्रकलेचा मास्तर होतो, निवृत्त आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला २००९ मध्ये नवी इमारत जोडली. त्याआधी सगळं जयपूर हाउसमध्ये, राजाच्या बंगल्यात पाहुणे गेल्यासारखं. मुलांना सहलीला न्यायचो, तेव्हा अमृता शेरगिलच्या 'तीन मुली'समोर (१९३५) उभं करून विचारायचो, यातली कोण तुमच्याकडे बघतेय? एकही नाही. मुलं गप्प व्हायची.

सुनेबरोबर पुन्हा गेलो तेव्हा नव्या भागात इतकी जागा, की चित्रं लहान झाल्यासारखी वाटली. त्या तिघींच्या शोधात एका जिन्याने वर गेलो, दुसऱ्याने खाली. भेटल्या. चित्र जेमतेम मीटरभर रुंद आहे, हे मला पहिल्यांदाच जाणवलं, एरवी मधे वीस डोकी असायची. या खेपेला प्रश्न विचारायला कोणी नव्हतं. सूनबाई दोन मिनिटं थांबल्या, मग म्हणाल्या, "बाबा, ती डावीकडची रुसलीय का?"

इतकी वर्षं शिकवलं, हे कधी सुचलं नव्हतं. अजून बघतोय, फोटोत.