ब्रुसिलोव, घोडे आणि खंदक: सोसायटीच्या ग्रुपवरची ४ जूनची चर्चा

सी-२०१ (सचिव), सकाळी ७:१०
उद्या टाकी धुणार आहेत. १० ते १ पाणी बंद राहील. आजच भरून ठेवा.

बी-४०४ (आई), ७:३४
रिसालदार काका, नमस्कार. आमच्या नववीतल्या चिरंजीवांना सुट्टीत पहिल्या महायुद्धावर तक्ता करायचा आहे. त्यानं ब्रुसिलोव हा रशियन सेनापती निवडलाय आणि दोन ठिकाणी अडलाय. हुद्दा ‘घोडदळाचा जनरल’, पण त्याची गाजलेली लढाई सगळी खंदकांची आणि तोफांची. हे कसं? आणि तीच लढाई एका पुस्तकात २२ मेला सुरू होते, दुसऱ्यात ४ जूनला. तुम्ही रिसाल्यातले, म्हणून तुम्हालाच विचारते.

ए-५०२ (रिसालदार काका), ७:५८
ताई, बरं केलंत विचारलंत. आणि आज ४ जूनच आहे!

तारखेचं सोपं आहे. रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर चालायचं, ते आपल्यापेक्षा १३ दिवस मागे. त्यांची २२ मे म्हणजे बाकी जगाची ४ जून १९१६. तक्त्यावर ४ जून लिही, खाली बारीक अक्षरात जुनी तारीख दे.

हुद्द्याचं असं की झारच्या सैन्यात लेफ्टनंट जनरलच्या वरचा पूर्ण जनरल हा ज्या शाखेतला, त्या शाखेचं नाव हुद्द्याला लागायचं. पायदळाचा जनरल, तोफखान्याचा जनरल, घोडदळाचा जनरल. हाताखाली सगळ्या प्रकारची फौज असली तरी नाव तेच. ब्रुसिलोवला हा हुद्दा १९१२ साली मिळाला.

आमच्याकडेही तेच नाही का? मी २६ वर्षं रणगाड्यावर काढली, घोड्यावर एकदाही लढाईला गेलो नाही, तरी निवृत्त झालो तो रिसालदार, म्हणजे घोडदळाच्याच हुद्द्यानं. नगरच्या आर्मर्डच्या शाळेत आम्हाला शिकवणारे उस्ताद रणगाड्याच्या टोळीला ‘ट्रूप’ आणि ‘स्क्वाड्रन’च म्हणायचे. घोडे गेले, नावं राहिली.

बी-४०४ (मुलगा), ८:०३
काका मीच लिहितोय. मग तो खराखुरा घोडेस्वार होता की नुसतं नाव?

ए-५०२ (रिसालदार काका), ८:२१
खराखुरा, बाळा. अंगात मुरलेला.

१८५३ साली तिफ्लिसला जन्म, म्हणजे आजचं जॉर्जियातलं तिबिलिसी. वडील जनरल होते, पण लहानपणीच आईवडील दोघंही गेले. मावशी आणि तिच्या यजमानांनी वाढवलं. पीटर्सबर्गला पेज कोअर म्हणून बड्या घरच्या मुलांची शाळा होती, तिथं शिकला. तिथली बरीच मुलं राजाच्या गार्डमध्ये जायची. पण गार्डचा खर्च ज्याचा त्यानं करायचा, आणि याच्याकडे तेवढे पैसे नव्हते. म्हणून १८७२ मध्ये परत कॉकेशसला, १५व्या त्वेर ड्रगून या घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये. १८७७-७८ च्या तुर्कांबरोबरच्या युद्धात आर्दाहान आणि कार्सच्या मोहिमेत होता, तिथं मानचिन्हं मिळाली.

पुढचा भाग मला फार जवळचा वाटतो. १८८१ ला तो पीटर्सबर्गच्या घोडदळ अधिकाऱ्यांच्या शाळेत शिकायला गेला, १८८३ पासून तिथंच नोकरीला लागला आणि १९०६ पर्यंत तिथंच राहिला. तेवीस वर्षं! आधी कारकुनी जागा, मग शिकवणारा, १९०२ मध्ये शाळेचा मुख्य. जेम्स फिलिससारखा नामांकित उस्ताद त्या काळी तिथं स्वारी शिकवायचा. १९०४-०५ चं जपानबरोबरचं युद्ध होऊन गेलं तरी ब्रुसिलोव त्यात नव्हता. लोक म्हणायचे, हा शाळेतला माणूस, मैदानातला नव्हे.

पण ज्यानं तेवीस वर्षं रोज सकाळी पागेत जाऊन घोड्यांचे खूर पाहिले, तंग किती ओढलाय ते बोटं घालून तपासलं, नवशिक्या अधिकाऱ्याला लगाम धरायला शिकवलं, त्याला एक सवय लागते. सगळं आधी तपासायचं, मग रिकिबीत पाय घालायचा. १९१६ ला कामाला आली ती हीच सवय, असं माझं मत आहे.

ए-१०१ (मावशी), ८:४०
रिसालदार भाऊ, यात आपल्या मुंबईचा एक धागा आहे, सांगू का? माझं माहेर गिरगावचं. थिऑसॉफिकल सोसायटीच्या मादाम ब्लाव्हात्स्की १८७९ मध्ये मुंबईला आल्या तेव्हा आधी गिरगावातच राहिल्या होत्या. १८८२ च्या शेवटी त्यांचं ठाणं मद्रासला, अड्यारला हललं. आमचे आजोबा त्यांच्या गोष्टी सांगायचे. ब्रुसिलोवची दुसरी बायको नादेज्दा ही त्याच ब्लाव्हात्स्कीबाईंची सख्खी भाची, बहीण वेराची मुलगी. पहिली पत्नी वारल्यावर १९१० साली लग्न झालं. तो स्वतःही या गूढ विद्येत रमायचा.

बी-४०४ (आई), ८:४४
काय सांगता मावशी! हे तक्त्यावर घेतोच.

ए-१०१ (मावशी), ८:५१
आणि १९१४ च्या उन्हाळ्यातलं एक. नवराबायको जर्मनीत किसिंगेनला औषधी पाण्याच्या उपचारासाठी गेले होते. एका संध्याकाळी बागेत मॉस्कोच्या क्रेमलिनचा मोठा देखावा उभारला होता, घुमट, बुरूज, सगळं. मग दारूकाम सुरू झालं आणि तो देखावा जाळून टाकला. भोवतीचे लोक आनंदानं ओरडत होते. काही आठवड्यांत युद्ध लागलं. ब्रुसिलोवनं आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. आपलं गाव कागदाचं का होईना, डोळ्यांदेखत जळताना पाहायचं म्हणजे पोटात कसं होत असेल.

बी-४०४ (मुलगा), ९:०५
काका, तो जिंकला कसा ते सांगा ना. पुस्तकात फक्त ‘ब्रुसिलोव आक्रमण, ऑस्ट्रियाचा पराभव’ एवढंच आहे.

ए-५०२ (रिसालदार काका), १०:१२
जरा दमानं टाइप केलंय, नीट वाच.

युद्ध लागलं तेव्हा त्याच्याकडे आठवी आर्मी. १९१४ ला ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिशियात चांगला लढला, १९१५ च्या मोठ्या माघारीत सगळ्यांबरोबर मागे आला. मार्च १९१६ मध्ये त्याला नैर्ऋत्य आघाडीचा सेनापती केलं. एप्रिलमध्ये मोगिल्योवला, मुख्यालयात, झारपुढे बैठक बसली. एव्हर्ट आणि कुरोपात्किन, बाकीच्या दोन आघाड्यांचे सेनापती, दोघंही म्हणाले की जड तोफा नाहीत, हल्ला जमणार नाही. ब्रुसिलोव म्हणाला, मी करतो, जादा फौज मागत नाही. नंतर कुरोपात्किननं त्याला समजावलं की अरे, आत्ताच नेमणूक झालीय, कशाला हातचं नाव घालवतोस. तो बधला नाही.

आता त्यानं काय केलं बघ. तोवर सगळ्यांची रीत एकच. एक जागा निवडायची, तिथं सगळ्या तोफा गोळा करायच्या, आठवडाभर मारा करायचा, मग घुसायचं. त्यात शत्रूला जागा आधीच कळते, तो राखीव फौज तिथं आणून बसवतो. ब्रुसिलोवची आघाडी ४०० किलोमीटरहून लांब. त्याच्या चार आर्मी, उत्तरेकडून कालेदिनची आठवी, साखारोवची अकरावी, शेर्बाचेवची सातवी आणि दक्षिणेला लेचित्स्कीची नववी. चौघांनाही त्यानं सांगितलं, आपापली जागा निवडा आणि सगळीकडे एकदम तयारी करा. शिवाय हाताखालच्या कोअरनीसुद्धा (आर्मीच्या आतल्या मोठ्या तुकड्या) आपापल्या भागात खणायला लागायचं. वीसहून जास्त ठिकाणी माती उकरलेली दिसतेय, मग खरा घाव कुठला हे ऑस्ट्रियाच्या लोकांनी ओळखायचं कसं?

खंदक रात्री पुढे पुढे सरकवत शत्रूच्या तारांपासून २००-३०० पावलांवर नेले. राखीव सैनिकांसाठी जमिनीत मोठ्या खोल्या खणल्या. विमानातून फोटो काढून समोरची एकेक तोफ नकाशावर मांडली आणि ते नकाशे पार खालच्या अधिकाऱ्यापर्यंत वाटले. मागच्या बाजूला ऑस्ट्रियाच्या खंदकांसारखे हुबेहूब खंदक खणून जवानांकडून सराव करून घेतला. तोफांचा मारा थोडाच, पण मोजून. माणसांत त्याची सरशी थोडीशीच होती, आणि जड तोफा तर शत्रूकडेच जास्त होत्या, हे विसरू नकोस.

खरं तर हल्ला जूनच्या मध्यावर ठरला होता. पण ऑस्ट्रियानं इटलीवर ट्रेंटिनोत जोरात हल्ला चढवला, इटलीनं झारकडे मदत मागितली, म्हणून तारीख अलीकडे आली.

आणि आदल्या रात्री काय झालं! झारचा चीफ ऑफ स्टाफ अलेक्सेयेव थेट तारेवर आला. म्हणे, झारसाहेबांची इच्छा आहे की थोडं थांबा आणि रीतीप्रमाणे एकाच जागी मारा करा. ब्रुसिलोवनं साफ नकार दिला. हुकूम सुटलेत, जवान जागेवर बसलेत, आता बदलायचं असेल तर मला बदला. अलेक्सेयेव म्हणाला, झारसाहेब झोपलेत, उठवता येणार नाही, विचार करा. त्यावर ब्रुसिलोव म्हणाला, त्यांची झोप माझ्याशी संबंधित नाही, मला विचार करायचं काही उरलेलं नाही. शेवटी अलेक्सेयेवनंच माघार घेतली.

सकाळी तोफा सुरू झाल्या. चौथ्या दिवशी, ७ जूनला, लुत्स्क पडलं.

सी-३०३ (सर), १०:४०
मी चाळीस वर्षं इतिहास शिकवला, म्हणून बोलतो. काका, तुम्ही जूनचं सांगितलंत, पुढचंही मुलाला सांगा. लुत्स्कला भगदाड पडलं, पण एव्हर्टनं हल्ला पुढे ढकलत नेला. ब्रुसिलोवनं मात्र कोवेलच्या रेल्वे जंक्शनपायी स्तोखोद नदीच्या दलदलीत महिनोन्‌महिने माणसं घातली. बेझोब्राझोवच्या हाताखालची झारची निवडक गार्ड फौज तिथं कापली गेली. दोन्हीकडचे मेलेले, जखमी आणि कैदी धरले तर आकडा १० लाखांच्या वर जातो. एवढ्या माणसांची किंमत मोजलेला विजय तक्त्यावर नुसता हिरव्या बाणानं दाखवू नये.

ए-५०२ (रिसालदार काका), १०:५८
सर, मान्य. याबाबत मी त्याची बाजू घेणार नाही. जूनमधली त्याची तयारी मी डोक्यावर घेतो, ऑगस्टमधलं कोवेल नाही. दुसऱ्या आघाडीनं साथ दिली नाही हे खरं, पण दलदल समोर दिसत असताना पुन्हा पुन्हा तिथंच धडका मारायचा निर्णय त्याचाच.

आणि एक बोचतं. भगदाड पडलं तेव्हा घोडदळाची खरी वेळ होती. कालेदिनच्या उजव्या बाजूला घोडदळाची एक कोअर उभी होती, तिनं कोवेलच्या दिशेनं मुसंडी मारायची असं ठरलेलं. पुढे चिखल, काटेरी तारा आणि मशीनगन. घोडे तिथंच अडले. आयुष्यभर घोडेस्वार घडवलेल्या माणसाच्या सगळ्यात मोठ्या लढाईत घोड्यांना मोकळं मैदान मिळालंच नाही.

सी-३०३ (सर), ११:०६
बरोबर. पण परिणाम मोठा झाला हेही सांगतो. ऑस्ट्रियाला इटलीतून फौजा काढाव्या लागल्या, जर्मनीला पश्चिमेकडून तुकड्या पूर्वेला पाठवाव्या लागल्या, आणि ऑगस्टअखेरीस रोमानिया रशियाच्या बाजूनं उतरला. ऑस्ट्रियाचं सैन्य त्यानंतर जर्मनांच्या आधाराशिवाय उभं राहिलं नाही.

बी-४०४ (मुलगा), ११:१५
मग क्रांती झाल्यावर त्याचं काय झालं? झारचा माणूस ना?

सी-३०३ (सर), ११:३४
मार्च १९१७ मध्ये झारनं पायउतार व्हावं असं कळवणाऱ्या सेनापतींमध्ये तोही होता. हंगामी सरकारनं त्याला सरसेनापती केलं, आणि नेमणुकीची तारीख पुन्हा ४ जूनच! दोन महिन्यांत उन्हाळ्यातला हल्ला फसला आणि त्याच्या जागी कोर्निलोव आला. नोव्हेंबरात मॉस्कोत रस्त्यांवर लढाई चालू असताना तोफगोळा त्याच्या घरावर पडला, पाय निकामी होता होता वाचला.

मुलगा अलेक्सेई क्रांतीनंतरच्या नव्या सरकारच्या लाल सैन्याच्या घोडदळात गेला, १९१९ ला क्रांतीविरोधी पांढऱ्यांच्या हाती सापडला, परत आला नाही. १९२० ला पोलंडशी युद्ध पेटल्यावर बापानं जुन्या अधिकाऱ्यांना आवाहन केलं की देशासाठी लढायला या. त्याचे कितीतरी जुने सोबती त्याला गद्दार म्हणाले. मला तो गद्दार वाटत नाही. सरकार कुणाचंही असो, रशियाचा शिपाई रशियातच राहणार, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

ए-५०२ (रिसालदार काका), ११:४१
आणि शेवटी काम कुठलं मिळालं ते लिही, बाळा. नव्या राजवटीत त्याला अश्वपैदाशीच्या खात्यात नेमलं, नंतर घोडदळाचा निरीक्षक. सत्तरीत म्हातारा पुन्हा घोड्यांपाशी आला. १७ मार्च १९२६ ला मॉस्कोत गेला. नोवोदेविची मठात लष्करी इतमामानं पुरलं.

डी-६०१ (ताई), दुपारी १२:२०
सगळ्यांचं वाचत होते. आमची लेक एमबीबीएसला युक्रेनमध्ये चेर्निव्त्सीला होती, २०२२ ला रोमानियाच्या सीमेवरून परत आली, तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. ते गावही यात येतं का?

ए-५०२ (रिसालदार काका), १२:२६
येतं तर! तेव्हा ते ऑस्ट्रियाकडे होतं, नाव चेर्नोवित्स. लेचित्स्कीच्या नवव्या आर्मीनं प्रूत नदी ओलांडून १८ जूनला घेतलं.

डी-६०१ (लेक), १२:४८
काका, मी लिहितेय. प्रूतच्या पुलावरून आम्ही बाजाराला जायचो. नदी रुंद नाही, पण मार्चमध्ये बर्फ वितळलं की पाणी मातकट आणि जोरात येतं, आणि गाव पलीकडे उंचावर आहे. खालून चढून येणाऱ्याला वरचा प्रत्येक माणूस बघू शकतो. त्या बाजूनं फौज कशी चढली असेल ते आत्ता पहिल्यांदा डोक्यात आलं. तेर्नोपिल, इव्हानो-फ्रँकिव्स्क, लुत्स्क, सगळीकडे आमच्या ओळखीची मुलं होती. ही सगळी गावं याच आघाडीवरची.

बी-४०४ (मुलगा), १२:५५
ताई, तू मला नकाशात नद्या काढून देशील? माझ्या पुस्तकातल्या नकाशात स्तोखोद नाहीच आहे.

डी-६०१ (लेक), १२:५७
देते. प्रूत आणि द्नीस्तर मला न बघता येतात. स्तोखोद बघून काढू.

सी-२०१ (सचिव), दुपारी १:०५
क्लबहाउसचा मोठा फळा संध्याकाळी मोकळा आहे. किल्ली वॉचमनकडे ठेवतो.

ए-५०२ (रिसालदार काका), १:०९
७ वाजता येतो. निळा आणि तपकिरी खडू कुणाकडे असेल तर आणा, दलदलीला तपकिरी लागेल. सर, तुम्हीही या, कोवेलचा भाग तुम्ही सांगा.