मणक्यातील गादीच्या शस्त्रक्रियेनंतर शरीरसंबंध कधी आणि कसे सुरू करावेत?

प्रश्न :
माझ्या पतींची एल-५, एस-१ या मणक्यांमधील गादीची मायक्रोडिस्केक्टॉमी (नसेवर दाबणारा गादीचा भाग छोट्या छेदातून काढण्याची शस्त्रक्रिया) होऊन महिना उलटला आहे. पायातली कळ थांबली, टाकेही निघाले. डिस्चार्ज कार्डावर ‘वाकू नये, वजन उचलू नये’ एवढेच लिहिले असून शरीरसंबंधांविषयी एक अक्षर नाही. त्यांना पूर्वीसारखी ताठरता येत नाही, आणि शस्त्रक्रियेत नस दुखावली असावी या धास्तीने ते विषयच टाळतात. नसेच्या वेदनेवरची प्रीगाबालिन ही गोळी अजून सुरू आहे.

उत्तर १ :
मी फिजिओथेरपिस्ट आहे. जखम भरली असेल आणि दुखणे आटोक्यात असेल, तर या शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे २ ते ६ आठवड्यांत परवानगी मिळते. स्क्रू घालून मणके जोडले असल्यास मात्र बरेच अधिक थांबावे लागते. सुरुवातीला त्यांनी गुडघ्यांखाली उशी आणि कमरेखाली टॉवेलची पातळ घडी घेऊन उताणे झोपावे व हालचाल तुम्ही करावी. कुशीवर झोपणे सर्वांनाच सोयीचे, हा जुना सल्ला मी आता देत नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने २०१४ मध्ये कण्याच्या हालचाली मोजल्या, तेव्हा पुढे वाकल्यावर ज्यांची कंबर दुखते अशा पुरुषांना ती स्थिती मानवत नाही, असे दिसले. नंतर तुमच्या पतींनी हालचाल सुरू केली, की ती कमरेतून नव्हे, खुब्यातून करावी.

उत्तर २ :
मी यातून गेलो आहे. कंबर पुन्हा धरेल ही भीतीच ताठरता घालवते. पहाटे झोपेत ताठरता येत असेल, तर नसा शाबूत असण्याची शक्यता पुष्कळ असते.

उत्तर ३ :
त्यात वैद्यकीय बाजू जोडतो. ताठरतेच्या नसा एस-२ ते एस-४ या पातळीवरून निघतात, तर या गादीचा दाब बहुधा पोटरी-तळव्याकडे जाणाऱ्या एस-१ नसेवर येतो. त्यामुळे एका बाजूची ती नस दुखावली तरी सहसा ताठरता जात नाही. मला अधिक संशय प्रीगाबालिनचा येतो, कारण तिने इच्छा आणि ताठरता दोन्ही कमी होऊ शकतात. गोळी एकदम बंद करू नये. डोस हळूहळू उतरवण्याविषयी सर्जनांना विचारावे. ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल ही गोळी तर परस्पर मुळीच घेऊ नये, हृदयासाठी नायट्रेट सुरू असल्यास ते जिवावर बेतू शकते. मात्र जननेंद्रियांभोवती किंवा गुदद्वाराजवळ बधिरता आली, लघवी तुंबली अथवा शौचावरचा ताबा सुटला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.