मावशीचं डोकं दुखायचं थांबेना

मावशी: तीन आठवडे झाले, उजव्या कानशिलात नुसतं ठणकतंय, गोळी घेतली की दोन-तीन तास बरं, मग परत सुरू. चष्म्याचा नंबर वाढला असेल, पुढच्या आठवड्यात डोळे तपासून घेते

मामा: ॲसिडिटी असेल गं, झोप काढ जरा

भाची: मावशी, आधी कधी असं दुखायचं का?

मावशी: नाही गं, बासष्ट वर्षांत कधी नाही. आता तर केस विंचरताना नुसती फणी लागली तरी कळ जाते, आणि जेवताना चार घास चावले की जबडा भरून येतो, थांबावं लागतं

भाची: मावशी पुढचा आठवडा नाही, आजच जा, फिजिशियनकडे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखणं सुरू झालं आणि सोबत फणी लागली तरी दुखतंय, चावताना जबडा दुखतोय, तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते. हा आजार कॉमन नाही, पण डोळ्यांकडे जाणारा रक्तपुरवठा बंद पडला तर गेलेली नजर सहसा परत येत नाही, म्हणून मी मागे लागलेय. ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या टेस्ट करतात, आणि संशय पक्का वाटला तर बायोप्सीची, म्हणजे त्या रक्तवाहिनीचा छोटा तुकडा काढून तपासण्याची, वाट न बघता स्टेरॉइड सुरू करतात

मामी: माझं तर वर्षभर दुखतंय, अर्धा महिना गोळ्यांवरच जातो, मला पण दाखवायला हवं का?

भाची: हो मामी, या आठवड्यातच दाखवा. साधी पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून जास्त घेत राहिलं की त्या गोळीनेच डोकं दुखायला लागतं. कॉम्बिनेशनच्या, म्हणजे एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेल्या गोळ्यांना तर महिन्यात १० दिवसही पुरतात. कॅलेंडरवर लिहा, कधी दुखलं, कुठली गोळी, किती. डॉक्टरांना तेच हवं असतं

मामा: आणि रात्री-अपरात्री कधी पळायचं?

भाची: मिनिटभरात एकदम असह्य झालं, ताप येऊन मान आखडली, बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, फिट आली किंवा डोक्याला मार लागल्यावर दुखणं वाढत गेलं तर थेट इमर्जन्सी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर साधं पडणंही अंगावर काढू नका मामा, रक्तस्राव कधी कधी काही आठवड्यांनीही लक्षात येतो

मावशी: दादा गाडी काढतोय. परवा उजव्या डोळ्यापुढे दोन मिनिटं अंधारी आली होती, नंतर गेली. सांगू का तेही?

भाची: मावशी तेच सगळ्यात आधी सांग!! आता फिजिशियनचा नंबर लागेपर्यंत थांबू नका, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा. दादाला मला फोन करायला सांग