मुदत संपली की गाळा सोडायचा, मग जमवलेल्या गिऱ्हाइकाचं काय?

शटरवाला:
करार संपला म्हणून दुकानदाराने निमूट चावी द्यायची, हे मला पटत नाही. दहा वर्षं खपून त्याने गिऱ्हाईक जोडलं. मालक त्याला काढून त्याच धंद्यातला दुसरा बसवतो, लोक सवयीने तिथेच येतात आणि त्या सवयीचं भाडं मालक खातो. आयत्या बिळावर नागोबा! फ्रान्समध्ये मालकाने नूतनीकरण नाकारलं, तर सहसा बुडालेल्या धंद्याची भरपाई द्यावी लागते. इंग्लंडमध्ये १९५४च्या कायद्याने मुदत उलटली तरी भाडेपट्टा चालू राहतो. मालकाला ६ ते १२ महिने आधी नोटीस द्यावी लागते, आणि नूतनीकरण नाकारायचं तर कायद्यात बसणारं कारणही.

सातबारा:
भटाला दिली ओसरी... पुढचं सांगायला नको. शेवटची तारीख वाचूनच सही केली होती ना? आणि इंग्लंडचं अर्धंच सांगितलंत. करारापूर्वी ठरलेल्या नमुन्यात इशारा दिला की हे संरक्षण तिथे वगळता येतं. असा हक्क सरसकट दिलात तर मालक गाळा कुलपात ठेवतील.

शटरवाला:
वगळता येतं, मान्य. पण न वगळलेल्या करारात मालक काय काय करतात तेही बघा. लंडनमधल्या एका हॉटेलमालकाने भाडेकरूला काढण्यापुरताच बांधकामाचा बेत आखला होता. २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, भाडेकरू आपणहून गेला असता तर हे काम केलं असतंत का? उत्तर 'नाही' असेल तर कारण चालणार नाही.

पोटमाळा:
तुमचं लंडन-पॅरिस चालू द्या. आपल्या १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ठरलेली मुदत संपली की भाडेपट्टा संपला, वेगळी नोटीससुद्धा लागत नाही. (भाडे नियंत्रण लागू असेल तर गोष्ट निराळी.) मात्र मुदतीनंतरही मालक भाडं घेत राहिला, तर कलम ११६ खाली, करारात वेगळं काही नसेल तर, दुकानाचा भाडेपट्टा महिन्यागणिक पुढे चालतो. मग काढायला १५ दिवसांची नोटीस हवी.

मी हात पोळून शिकलो ते वेगळंच. स्वखर्चाने घातलेला लोखंडी पोटमाळा 'नंतर नेतो' म्हणालो आणि चावी दिली. कलम १०८ म्हणतं, ताबा असेपर्यंतच काढा, नंतर नाही. नवा भाडेकरू आता त्यावर खोकी रचतो.

आणि 'परस्पर संमतीने नूतनीकरण' ही ओळ फुकट आहे. भाडं किती टक्क्यांनी वाढणार आणि कोणत्या तारखेपर्यंत कळवायचं, हे आकड्यात लिहून घ्या.

सातबारा:
हे लिहून द्यायला माझी ना नाही. फक्त टक्के मी सांगेन.