सोसायटी ग्रुप, लातूर: टॅलीत कुणाला काय उघडं ठेवायचं?

ए-२०३ (आडतवाले काका): नमस्कार मंडळी. सोयाबीनची आवक वाढायलीय, मार्केट यार्डातल्या दुकानात पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायच्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या) करायला नवीन पोरगा ठेवलाय. टॅलीत, म्हणजे आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरात, सगळे एकाच पासवर्डनं शिरतात. त्याला पट्टीपुरतंच उघडं ठेवता येतं का? बँक, उधारी, नफा-तोटा त्याला काय करायचंय.

बी-१०४: काका, बाकीचे मेनू लपवून टाका. दिसलंच नाही तर उघडणार कसं?

सी-३०१ (अकाउंट्सवाल्या ताई): दादा, नुसतं लपवून भागत नाही. काही सॉफ्टवेअरात मेनू गायब केला तरी शॉर्टकटनं किंवा सर्चमधून तोच रिपोर्ट उघडतो. परवानगीच काढावी लागते.
काका, टॅली प्राइममध्ये ऑल्ट-के दाबा, आधी यूजर अँड पासवर्ड, मग यूजर रोल्स. तिथल्या तयार 'डेटा एन्ट्री' रोलच्या आधारावर नवा रोल, म्हणजे परवानग्यांचा संच, करा. काय बंद, काय चालू ते तिथंच ठरतं. नुसतं बघणं, नवीन करणं आणि जुनं बदलणं हेही वेगवेगळं देता येतं. त्याला पट्टीचं व्हाउचर (टॅलीतली नोंद) नवीन करू द्या, बदलू देऊ नका. मागच्या तारखेला किती दिवस जाता येईल, तेही तिथंच घाला. मग त्याच्याच नावानं लॉगिन करून 'गो टू' या टॅलीच्या सर्चमधून ताळेबंद उघडतो का ते स्वतः बघा. हे बघितल्याशिवाय त्याला बसवू नका.

ए-२०३: पोराचं ठीक. पण मुनीमजी वडिलांच्या काळापासून आहेत. त्यांना वेगळा पासवर्ड म्हणलं की वाईट वाटंल.

सी-३०१: उलट काका, वेगळं नाव त्यांच्यासाठीच पाहिजे. समजा पट्टीला १२.४० क्विंटल होतं आणि नंतर १२.०४ झालं. शेतकरी पंधरा दिवसांनी पट्टी घेऊन दारात उभा. लॉगिन एकच असेल तर संशय काट्यावरच्या हमालापासून मुनीमजींपर्यंत सगळ्यांवर. नावं वेगळी आणि एडिट लॉग चालू असेल तर कुणी, कधी, काय बदललं ते समोर येतं. इतकी वर्षं इमानदारीनं काम केलेल्या माणसाला तो आधार मिळायलाच हवा. त्यांना हेच सांगा, असंच सांगा.

डी-४०२: हे कायद्यानं सक्तीचं झालंय ना?

सी-३०१: कंपन्यांना. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. काकांची फर्म मालकीची, त्यांना तो नियम नाही. तरी ठेवावं.

बी-१०४: पोरानं डेटाचं फोल्डरच पेनड्राइव्हवर नेलं तर?

सी-३०१: बरोबर विचारलंत. रोलनं ते अडत नाही. त्याला टॅली व्हॉल्ट, डेटाच कुलूपबंद होतो. पण काका, तो पासवर्ड विसरलात तर कुणीच काढून देऊ शकत नाही. कागदावर लिहून घरच्या तिजोरीत ठेवा, दुकानात नको.

ए-२०३: अन् ई-वे बिल, मालाच्या वाहतुकीचं ऑनलाइन बिल? ट्रक निघताना पोरगंच काढतंय, माझ्याच लॉगिननं.

सी-३०१: त्या पोर्टलवर सब-यूजर, म्हणजे तुमच्या खात्याखाली त्याचं वेगळं लॉगिन, करता येतो. बिल काढायची तेवढी परवानगी द्या, तुमचा पासवर्ड बदला. आणि कुणी काम सोडलं की त्याच संध्याकाळी दोन्हीकडचं त्याचं नाव बंद करा, हिशोब मिटायची वाट बघू नका.

ए-२०३: रविवारी यार्ड बंद असतंय. मुनीमजींनाही बोलावतो, ताई तुम्ही या. त्यांच्यासमोरच करू.