मदत हवी आहे: टायटॅनियमवर अ‍ॅसिटेटचा ब्रिज हवा होता, ऑक्सो क्लस्टर मिळतोय

नमस्कार. मी सांगलीत इनऑर्गॅनिक घेऊन एम.एस्सी. करतेय. प्रोजेक्ट असा, की टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडमधले सुटे रेणू अ‍ॅसिटेटने जोडायचे आणि लिगंड (धातूला जोडलेला गट) बदलला की रचना कशी बदलते ते पाहायचं. टायटॅनियमला चार अल्कॉक्सी गट असतात, पण त्याला सहा ऑक्सिजन शेजारी हवे असतात. इथॉक्साइड ही गरज आपापसात ब्रिज करून भागवतं. आयसोप्रोपिलची मात्र गर्दी होते, म्हणून ते एकेकटंच राहतं. तिथे अ‍ॅसिटेट दोन धातूंना धरेल अशी आशा.

कृती: ३ मिली आयसोप्रोपॉक्साइड (साधारण १० मिलिमोल), १० मिली कोरडं आयसोप्रोपॅनॉल, त्यात ०.५७ मिली ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड थेंब-थेंब. मग ६० अंशांवर रात्रभर. ग्लोव्ह बॉक्स नाही. नायट्रोजनचा फुगा आणि कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब, एवढंच.

द्रावण स्वच्छ राहतं, तीन-चार दिवसांनी स्फटिकही येतात. द्रावणाच्या आयआरमध्ये (इन्फ्रारेड वर्णपटात) १५८० आणि १४५० ला अ‍ॅसिटेट दिसतं, अंतर १३०, म्हणजे ब्रिज आहे असं मी धरलं. पण स्फटिकांच्या आयआरमध्ये ६०० ते ८०० दरम्यान रुंद पट्टा येतो, तो Ti–O–Ti चा, म्हणजे ऑक्सिजनने जोडलेल्या टायटॅनियमच्या पुंजक्याचा (ऑक्सो क्लस्टरचा), असं गाईड म्हणतात. त्यांच्या मते पावसाळी हवेचं पाणी आत जातंय. शिवाय द्रावणात १७४० ला एक पीक आहे, ते मी उरलेल्या अ‍ॅसिडचं समजले. तीनदा केलं, तीनदा तेच. सबमिशन जवळ आलंय, खूप काळजी वाटतेय.

प्रतिसाद १
ताई, फ्लास्क उघडल्यावर वास कसला येतो? आणि अ‍ॅसिड न घालता तसाच दुसरा फ्लास्क शेजारी ठेवून पाहिलात का?

धागाकर्ती
सर, वास गोडसर, फळासारखा. अ‍ॅसिडशिवायचा फ्लास्क दोन दिवस ठेवला होता, तो अगदी नितळ राहिला.

प्रतिसाद २ (आधीचाच)
मग बाहेरचं पाणी हे मुख्य कारण दिसत नाही, नाहीतर अ‍ॅसिडशिवायचा फ्लास्कही गढूळ झाला असता. तो वास आयसोप्रोपिल अ‍ॅसिटेटचा, आणि १७४० चं पीकही त्याच एस्टरचं. अ‍ॅसिड आणि आयसोप्रोपॅनॉलचं एस्टर होताना पाणी सुटतं. ते फ्लास्कच्या आतच, हळूहळू तयार होतं, म्हणून गढूळपणा न येता शांतपणे ऑक्सो ब्रिज बनतात. सहा टायटॅनियमचे असे अ‍ॅसिटेट क्लस्टर फार पूर्वीपासून माहीत आहेत.

तुम्ही द्रावक म्हणूनच आयसोप्रोपॅनॉल घेतलंय आणि वर रात्रभर तापवताय, म्हणजे एस्टरला सगळी मोकळीक! कोरडं टोल्युइन घ्या, बर्फात थंड करून अ‍ॅसिड घाला, तापवू नका आणि अ‍ॅसिटेट जोडताना सुटलेलं आयसोप्रोपॅनॉल लगेच व्हॅक्यूमवर काढा. टायटॅनियमच्या एका मोलला अ‍ॅसिडही एका मोलच्या वर नको. अ‍ॅसिटाइलअ‍ॅसिटोनकडे मात्र वळू नका. ते बहुधा एकाच धातूला चिमट्यासारखं धरतं, तुम्हाला हवा तो जोड देत नाही.

धागाकर्ती
टोल्युइन कोरडं करायला उद्याच सोडियमवर ठेवते. १७४० चं पीक गेलं की नाही, ते इथेच कळवेन.