मदत हवी आहे: पूलमध्ये तीन कुशनची किक आखूड का पडते?

मंडळी, टिळकवाडीत नऊ फुटी टेबलावर पूल खेळतो. एका कुशनची किक (म्हणजे पांढरा क्यू बॉल आधी कुशनवर, टेबलाच्या रबरी कडेवर, आपटून मग हव्या त्या बॉलला लावणं) आरशाच्या हिशोबाने जमते. घोडं अडतंय तीन कुशनला. कडेवरच्या ठिपक्यांना, म्हणजे डायमंडना, आकडे देऊन करायचं गणित पाठ आहे: क्यू बॉलचा आकडा वजा पहिल्या कुशनचा आकडा म्हणजे तिसऱ्या कुशनचा आकडा. कोपऱ्यातून ५, तिसऱ्यावर २ हवा, म्हणून ३ वर मारतो, रनिंग साइड (कुशनवरून बॉल ज्या बाजूला जाणार त्याच बाजूची फिरकी) देऊन. तरी काल बॉल अर्धा डायमंड आखूड आला, ८ नंबरला चाटूनही गेला नाही. (पोरं हसली ते वेगळंच.) बेळगावच्या पावसात कापड दमट होतं, त्यामुळे असेल की साइडच कमी पडते? निशाणा डायमंडच्या ठिपक्यावर धरायचा की कुशनच्या कडेवर? टेबल बघून आकडा कसा बदलता, सांगा की.